एक्केचाळिसावी चाचणी

खुशालरावांनी आज्ञा टाइप केली, एंटर दाबलं आणि हात मांडीवर घेतले. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटत गेले. एकेक ठिपका म्हणजे पास झालेली एक चाचणी. चाळीस ठिपक्यांनंतर नेहमीसारखं एक पिवळं अक्षर आलं. वगळलेली. ते दिसलं की त्यांना रूपालीचं पत्र आठवे आणि ते लॅपटॉप मिटून टाकत.

पत्र तीन वर्षांपूर्वीचं. जुन्या महसुली कागदांवरच्या फसली सनाच्या तारखा आजच्या तारखांत बदलणारा एक प्रोग्राम मुधोळची रूपाली सांभाळत होती. फुकट, सगळ्यांना खुला. तहसिलातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या खुशालरावांनी त्याला एक्केचाळीस चाचण्या लिहून पाठवल्या : ही नोंद दिली, तर हे उत्तर यायला हवं. नावाखाली लोक ईमेल देतात. त्यांनी पिनकोडसकट आपल्या तामसी गावचा पत्ता दिला होता. म्हणून तिनं टपालानंच विचारलं, ‘सर, शेवटची नापास होते. चाचणी चुकली की प्रोग्राम?’

आपणच चुकलो असणार, असं त्यांनी धरलं आणि उत्तर पाठवलंच नाही. कचेरीत एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, “फसली साल जुलैत लागतं, एवढंही कळत नाही?” निजामाच्या काळी ते ऑक्टोबरात, आजूर महिन्यात लागायचं, हे तेव्हाही त्यांच्या ओठांवरच राहिलं.

आज लॅपटॉप मिटायच्या आत थोरली बहीण चंद्रभागा चहा घेऊन आली.

“काऊन रे, त्या डब्यापाशी काय करून राह्यला?”

ते पिवळ्या अक्षराकडे बघत राहिले. ती शेवटची नोंद तिच्याच जन्माची होती. पटेलाच्या वहीतली, मेहर महिन्यातली, म्हणजे ऑगस्टातली.

“अक्का, तू कोन्या वारी जन्मली?”

“शुक्रवारी. बजार होता ना. सुईन बजारात बांगड्या भरून राह्यली होती, बापानं तिथून उठवून आनली. काऊन, लगन जुळवतं का माझं?”

त्यांनी तारखेचा वार काढला. प्रोग्रामसारखं साल जुलैपासून धरलं की गुरुवार येत होता. आजूरपासून धरलं की पुढच्या वर्षीचा शुक्रवार. त्यांनी तीनदा करून पाहिलं. चहावर साय धरली.

“अक्का, तू आपन समजतो त्याहून वर्षानं लहान आहे.”

“हे माझ्या गुडघ्यायले सांग.”

मग त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. चाचणी का वगळली, ते प्रोग्रामला पडद्यावर दाखवायला सांगितलं. रूपालीनं लिहून ठेवलेली एकच ओळ आली : ‘खुशाल सरांचं उत्तर यायचं आहे.’

तीन वर्षं, कुठेही कुणीही कारण विचारलं, तरी हीच ओळ उमटत होती. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

पहिला कागद माफी मागण्यातच भरला. तो त्यांनी घडी करून पुस्तकात ठेवला आणि पोस्टकार्ड घेतलं. ‘चाचणी बरोबर आहे. निजामाच्या काळच्या नोंदींना साल आजूरपासून धरावं. उशीर झाला.’ सहीखाली पुन्हा पूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट.

बस थांब्याजवळच्या लाल पेटीत कार्ड टाकून ते थांबले. तळाशी टप्प असं वाजल्यावरच घराकडे वळले.