दाराशी ठेवलेले बूट

रविवारी सकाळी नऊला धाकटीच्या सासरहून व्हिडिओ कॉल यायचा, म्हणून आई पावणेनऊलाच बूट पुसायला बसायची.

बूट पुरुषाचे होते, काळे, नऊ नंबरचे, जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेले. त्या घरात नऊ नंबरचा पाय कुणाचाच नव्हता. घर म्हणजे थोरलीने भाड्याने घेतलेली एक खोली. एक पलंग, खिडकीखाली शेगडी, दाराजवळ खुंटी. महिन्यापूर्वी आईवडील तिला भेटायला या परमुलखात आले आणि दुसऱ्याच दिवशी खुंटीवर एक पुरुषी कोट लागला, त्याखाली बूट आले. फोन असा धरायचा, की दोन्ही दिसले पाहिजेत.

"जावईबापू दिसत नाहीत ते?" विहीणबाई विचारायच्या.

"अहो, आत्ताच आंघोळीला गेले. रविवारचं त्यांचं सगळं निवांत असतं."

थोरली फोनच्या नजरेबाहेर पलंगावर बसून वृद्धाश्रमातल्या कामाच्या गणवेशाला इस्त्री करत असायची. नसलेल्या नवऱ्याची आंघोळ कधी संपवायची, हे आता तिची आई ठरवत होती.

नवऱ्याचं घर सोडून तिला तेरा महिने झाले होते. त्याने पहिल्यांदा हात उचलला, तेव्हा तिने वडिलांना फोन केला होता. ते म्हणाले, "थोडं सांभाळून घे. धाकटीचं जमत आलंय." मग एकदा ती सुजलेल्या डोळ्यानिशी, एक पिशवी घेऊन बाहेर पडली. तेव्हा म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. धाकटीचं एकदा उरकू दे." धाकटीचं थाटात उरकलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला थोरलीला मात्र येऊ दिलं नाही, कारण ती एकटी आली असती तर चार लोकांनी विचारलं असतं. हे चार लोक कोण, ते आजवर कुणी पाहिलेलं नाही. पण आपल्याकडे पोटच्या मुलीपेक्षा त्यांचाच मान मोठा.

वडील नोंदणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि तीस वर्षांत एका नोंदीत खाडाखोड नाही. साहेबांच्या टेबलावरून जायचं तर माणसाने मरतानासुद्धा तारीख बघून मरावं, असं कचेरीतले लोक गमतीने म्हणत.

मंगळवारी थोरली दोघांना घेऊन वकीलबाईकडे गेली. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर होता. नवऱ्याने 'बायको माझ्याजवळ राहत नाही' असं व्हिसा कचेरीला कळवलं आणि तो आधार गेला. आता तिने स्वतःच्या नोकरीवर, स्वतःच्या नावाने नवा अर्ज केला होता. मारहाणीमुळे घर सोडलं आणि तेरा महिन्यांपूर्वी सोडलं, हे पटलं तर तो मंजूर होणार होता. नवऱ्याचं म्हणणं होतं, ही गेल्या महिन्यातच गेली, आणि काही कारण नसताना गेली. अर्ज फेटाळला तर नोकरी जाणार, खोली जाणार. आणि परत जायचं ते अशा घरी, जिथे ती आली आहे हेच लपवावं लागणार.

वकीलबाईला मराठी येत नव्हतं. ती बोलायची आणि थोरली वडिलांना सांगायची. बाईने फाइलमधून एक कागद काढून पुढे सरकवला.

"व्हिसा कचेरीने पाठवलाय," थोरली म्हणाली. "तुम्ही इथे येण्यासाठी भरलेला अर्ज आहे, बाबा."

'कोणाकडे राहणार?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं : मुलगी व जावई यांच्याकडे. दोघे एकत्र व सुखाने राहतात. अक्षर मोत्यासारखं होतं. कुठेही खाडाखोड नव्हती.

"मी आपलं... रीत म्हणून लिहिलं," हेडक्लार्क म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

"यावरून त्याचंच म्हणणं खरं दिसतं. तुम्ही खरं काय ते लिहून देऊ शकता. पण आधीचं खोटं होतं, हे कबूल करावं लागेल. मग पुन्हा इथे येऊ देतील की नाही, सांगता येत नाही." एवढं बाईचं बोलणं सांगून ती स्वतःचं बोलली. "नाही लिहिलंत तरी चालेल, बाबा. मी बघेन काहीतरी."

तिच्या आवाजात राग असता तर त्यांना सोसला असता. पण तिने वडिलांकडून काही मागायचं कधीच सोडून दिलं होतं, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. शरमेने त्यांचे कान तापले.

"अहो, धाकटीच्या सासरी कळलं तर?" आई हळूच म्हणाली.

वडिलांनी जबानीचा छापील, न भरलेला कागद पुढे ओढला.

"पहिला प्रश्न. तुम्हाला कधी कळलं?" कागदावरचं थोरली मराठीत सांगू लागली.

त्यांनी दोन तारखा लिहिल्या, पहिल्या मारहाणीची आणि घर सोडल्याची. एकही आठवावी लागली नाही.

"दुसरा." थोरलीने कागदावरून मान वर केली नाही. "कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

खाली चार ओळी कोऱ्या होत्या. रकाना रिकामा ठेवू नका, असं त्यांनी जन्मभर लोकांना बजावलं होतं. तिला आणायला गेलो, असं लिहिता येत नव्हतं. जावयाला जाब विचारला, असंही नाही. लग्नाला बोलावलं, एवढंसुद्धा नाही. मग त्यांनी लिहिलं : पुरुषाचे बूट विकत आणून तिच्या दाराशी ठेवले.

खाली सही केली, तारीख घातली.

थोरलीने ते वाक्य वकीलबाईला तिच्या भाषेत सांगितलं. बाईने पुन्हा विचारलं. थोरलीने पुन्हा तेच सांगितलं, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही.

रविवारी पावणेनऊला आईचा हात सवयीने बुटांकडे गेला. "राहू दे ते," ते म्हणाले. फोन वाजला, तेव्हा त्यांनी थोरलीला शेजारी बसवून तो स्वतः घेतला.

"विहीणबाई, जावई इथे राहत नाहीत. तेरा महिने झाले. मारायचा तिला. आम्हाला तेव्हाच कळलं होतं, तुमच्यापासून लपवलं."

पलीकडे विहीणबाईंच्या मागे उभ्या असलेल्या धाकटीने तोंडावर हात ठेवला. "बरं, नंतर बोलू," एवढं म्हणून विहीणबाईंनी फोन ठेवला. पुढच्या रविवारी तो आला नाही.

अर्जाचा निकाल लागायला अजून तीन महिने आहेत. तो लागेल तेव्हा लागेल. जबानीतला दुसरा प्रश्न मात्र आपल्याकडे कुठल्याच कागदावर छापलेला नसतो, म्हणून आपण सगळे निवांत असतो. तेव्हा तो इथे छापतो आहे. शेजारच्या घरातलं, भावाच्या घरातलं, स्वतःच्या लेकीचं तुम्हालाही केव्हातरी कळलंच होतं. कळल्यावर तुम्ही काय केलंत?