आशेची मेणबत्ती

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटवायची, हा आमच्या घरचा शिरस्ता. माझे यजमान शमुवेल कारखान्यात सुरक्षेचे नियम शिकवायचे, त्यामुळे घरात नियम मोडायची सोयच नव्हती. निरगुडीच्या फांद्यांचं गोल कडं आणि त्यात पुण्याहून आणलेल्या चार जांभळ्या मेणबत्त्या.

पहिल्या रविवारी महाडात भारनियमन होतं. शेजारच्या खैरुनबी दारात आल्या. "एक मेणबत्ती दे गो. सुनेला चूल दिसत नाय, आणि दुकानातल्या संपल्या."

मी हात पुढे केला, तेवढ्यात हे म्हणाले, "त्या उजेडासाठी नाहीत, खाला. आशेसाठी आहेत."

खैरुनबींनी कड्याकडे आदराने पाहिलं आणि चाचपडत घरी गेल्या.

दुसऱ्या रविवारी प्रार्थनेला पोलादपूरची दोन कुटुंबं आली. अंधारातल्या लोकांना मोठा प्रकाश दिसतो, तो उतारा ह्यांनी वाचायला काढला आणि वीज गेली. दोन मेणबत्त्यांवर ह्यांना अक्षर दिसेना. उरलेल्या दोन पेटवा म्हटलं, तर त्यांचे रविवार अजून यायचे होते. मग सगळे डोळे मिटून बसले, जणू तसंच ठरलं होतं.

तेवढ्यात खैरुनबी आल्या. हातात त्यांच्या मुलाने, मुदस्सरने कुवेतहून आणलेला चार्जिंगचा दिवा. तो कड्याच्या बरोबर मधोमध ठेवून म्हणाल्या, "वाच बाबा. ह्यात आशाबिशा काय नाय, नुसता उजेड हाय."