टेस्टरचं बोट

माझ्या बाबांना सगळे टेस्टर म्हणतात. गाडीत करंट येतोय की नाही, हे ते बोटाने बघतात. मी एकदा मीटर आणला तर म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो मीटर अजून खोक्यातच आहे. लोक लांबून जुन्या गाड्या घेऊन येतात ते त्या बोटासाठी. गॅरेजात पाने-पकडी फिरवायला मी आहे.

इतर मुलं पाढे शिकली, मी हे शिकले: बॅटरी बारा व्होल्ट देते, त्याने मुंगीसुद्धा मरत नाही. कॉइल त्याचे हजारो करते. पॉइंट नावाचा चिमुकला स्विच उघडला की ते जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटरकडे सुटतात आणि तो चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटतो. "ठिणगी नसेल तर गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट," बाबा म्हणायचे.

आज सकाळी एक ड्रायव्हर असंच कपाट ढकलत घेऊन आला. दुपारी दोनला साहेबांना न्यायचं म्हणून बिचारा रडकुंडीला आला होता.

बाबांनी कॉइलची जाड वायर उपसली, टोकाशी बोट धरलं आणि नेहमीसारखं तोंड दुसरीकडे फिरवलं. डोळे फसवतात, बोट फसवत नाही, हा त्यांचा नियम.

"मार!"

मी आत बसून किल्ली फिरवली.

"करंट नाही. कॉइल गेली."

मी कॉइल बदलली. पुन्हा किल्ली मारली.

"नाही."

पॉइंट बदलला, कंडेन्सर बदलला. राग माझ्या नाकावरच असतो, त्यात बाबांचं आज लक्षच नव्हतं. सकाळी तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकून निवांत उभे होते. तळहाताला फोड आला तेव्हा मी ओरडले, तर म्हणे, "कुठे काय झालंय?" डॉक्टरांनी साखरेमुळे पाय बधिर होतील, ते जपायला सांगितलं होतं. हातांचं कुणी बोललं नव्हतं.

तिसऱ्यांदा मी ड्रायव्हरला आत बसवलं आणि बॉनेटखाली स्वतः वाकले.

"मार!" बाबा म्हणाले.

इंजिन घरघरलं. वायरीच्या टोकातून निळी ठिणगी निघाली आणि टक् टक् करत बाबांच्या बोटावर पडू लागली. चांगली जाड, कडक ठिणगी. प्रत्येक टक्‌ला बोट किंचित उडत होतं. बाबा रस्त्याकडे बघत उभे होते.

"अरे, मार ना!" ते ड्रायव्हरवर खेकसले.

मी वायर हिसकावली, तीही उघड्या हाताने. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"आई गं!"

ड्रायव्हरने किल्ली सोडली. बाबा आधी खूश झाले. "आला बघ करंट! म्हटलं नव्हतं?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटाकडे. बोट पँटला पुसलं, दुसऱ्या हाताने दाबून पाहिलं. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, मीटरचं, डॉक्टरांचं, काहीही. इतकी हतबल मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

त्यांनी वायर माझ्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा बोटाशी धरली. या वेळी तोंड फिरवलं नाही.

"मार," ते हळूच म्हणाले.

इंजिन घरघरलं. उन्हात त्यांच्या डोळ्यांना ठिणगी दिसत नव्हती.

"पोरी," त्यांनी विचारलं, "येतोय का गं?"

"येतोय, बाबा," मी म्हणाले.