योखेनचा चेहरा

आमच्या गावच्या दफनभूमीत माणसाला पंचवीस वर्षांची मुदत असते. पुढे घरच्यांनी ती वाढवली नाही, तर दगड उचलायचा, माती सारखी करायची, वर बारीक खडी पसरून दंताळं फिरवायचं. हे काम मी एकोणीस वर्षं केलं. फक्त उत्तरेच्या भिंतीलगतच्या जर्मन क्रुसांना मुदत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यांत पूर्वेकडून बोटींतून आलेले जर्मन निर्वासित ते. बहुतेक लहान मुलं. एकेका क्रुसावर दोन-दोन नावं.

अग्नेट मॉर्क यांना मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. १९८१ चा नोव्हेंबर होता. हिवाळा लागायच्या आधी आम्ही थंडीपासून झाकायला थडग्यांवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या डहाळ्या अंथरतो. पण घरच्यांनी सांगितलं असेल तिथेच. या क्रुसांसाठी कोण सांगणार? ही बाई मात्र स्वतःच डहाळ्यांचा भारा घेऊन गुडघ्यांवर बसली होती आणि एकाच क्रुसाची जागा झाकत होती.

"आली बघ जर्मनांची मावशी," माझ्याबरोबर काम करणारा आयनार म्हणाला. "डहाळ्यांवर लक्ष ठेव, टोव्हे. नाहीतर आपल्या सगळ्या त्या पोराला पांघरवेल."

"त्यांनी स्वतःच्या आणल्यात."

"मग बोलायची सोय नाही," असं म्हणून तो ढकलगाडी घेऊन गेला.

अग्नेटबाई पंचावन्नच्या होत्या, विधवा. घरी बसून लोकांचे पडदे शिवायच्या. मी त्यांना फांद्या नीट कशा रचायच्या ते दाखवलं, आणि त्यांनी मला कॉफीला बोलावलं. मग जाणं-येणं सुरू झालं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. ओव्हनमधून काढलेले पाव, लोणी, चीज. दहा वाजले असतील. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली, तीनदा. हाताने वाजवल्यासारखी नाही. पार खाली, कुणी बुटाच्या टोकाने ठोकावं तशी.

"कुणीतरी आलंय," मी म्हणाले.

अग्नेटबाईंचा हात लोण्याच्या सुरीवर तसाच राहिला. "तुला ऐकू आलं?"

त्या उठल्या आणि दार पूर्ण उघडून उभ्या राहिल्या. पायऱ्यांवर ताजा बर्फ होता आणि त्यावर मी आले तेव्हाची माझीच पावलं. बाकी काही नाही. आत आलेला गारवा मात्र बाहेरच्यापेक्षा जास्त होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"रोज येतात," दार लावत त्या म्हणाल्या. "नवऱ्याला कधी ऐकू आलं नाही. त्याला वाटायचं माझे कान बिघडलेत."

"पण बुटाने का वाजवायचं?"

"तिचे हात मोकळे नाहीत गं."

मग त्यांनी सांगितलं. पंचेचाळीस सालच्या मार्चमध्ये त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि गावच्या डॉक्टर रावनांकडे घरकामाला होत्या. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि त्यांचा भाऊ जर्मनांच्या तुरुंगात. शाळेत निर्वासित कोंबलेले, त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. एका सकाळी दहा वाजता मागच्या दारावर खालून थाप पडली. दारात एक बाई, पातळ बुटांतली. तिच्या कडेवर ब्लँकेटात गुंडाळलेला चारेक वर्षांचा मुलगा. घटसर्प. श्वास घेताना त्याच्या गळ्यातून करवतीसारखा आवाज येत होता. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. त्यांनी आतूनच नको म्हणून मान हलवली.

"मला जर्मन उत्तम यायचं. शाळेत पहिली होते," अग्नेटबाई म्हणाल्या. "ती काय म्हणते ते शब्दन् शब्द कळत होतं. पण मी आपल्या भाषेत म्हटलं, डॉक्टर घरी नाहीत, आणि तुझं बोलणं मला कळत नाही. पोरगा माझ्याकडे बघत होता. मी दार लावलं."

तिसऱ्या दिवशी त्याला पुरलं. क्रुसावरून त्यांना नाव कळलं: योखेन.

"आणि थाप?"

"मे महिन्यात देश मोकळा झाला. लोकांनी खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या, भाऊ घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली थाप. डॉक्टरांचं घर पुढे पाडलं. मला वाटलं, सुटले. पण ते माझ्याबरोबर इथे आले."

त्याच उन्हाळ्यात डॉक्टर रावनांच्या थडग्याची मुदत संपली. नातेवाईक कोपनहेगनला, त्यांनी वाढवून घेतली नाही. मी आणि आयनारने दगड उचलून कुंपणाशी टेकवला. अग्नेटबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांनी नुसती मान हलवली होती. जीभ माझी होती."

पुढच्या वर्षी जूनमध्ये भिंतीपाशी एक अनोळखी बाई दिसली. पंचेचाळिशीची, हातात कागदाचा चिटोरा, त्यावर योखेनचं नाव. एल्फ्रीडे नाव. हँबर्गहून आली होती आणि भावाला शोधत होती. मी तिला योखेनच्या क्रुसापाशी नेलं आणि तिथेच सोडून सायकल मारत अग्नेटबाईंकडे गेले.

"त्याची बहीण आलीय. आणू का इथे?"

त्यांनी शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं, दोरा तोडला. मग म्हणाल्या, "कॉफी टाकते."

मला जर्मन टीव्ही बघून आलं तेवढंच येतं, पण त्या दिवशी सगळं कळलं. अग्नेटबाईंनी एल्फ्रीडेला बसवलं आणि आधी कॉफीसुद्धा न ओतता शुद्ध जर्मनमध्ये सगळं सांगून टाकलं. डॉक्टर घरात होते, हे. मला तुमची भाषा येत होती, हेही.

एल्फ्रीडे खिडकीबाहेर बघत होती. "आई त्या दिवशी चार घरी गेली," ती म्हणाली. "मी सात वर्षांची, प्रत्येक फाटकाशी उभी. चार दारं आठवतात. तुम्ही नाही आठवत."

अग्नेटबाईंचा चेहरा असा पडला, की त्यापेक्षा तिने शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

मग एल्फ्रीडेने विचारलं, "तो दिसायचा कसा?"

"काय?"

"योखेन. आमचा एकही फोटो उरला नाही. बोटीवर चढताना पेटी गेली. आई विचारलं की रडायची, म्हणून मी विचारायचं सोडलं. आता आईही गेली. मला त्याचा चेहरा आठवत नाही. तुम्ही पाहिला होता ना?"

अग्नेटबाई बोलायला लागल्या. डावी भुवई मध्येच तुटलेली. डोळे करडे, कडेला पिवळसर. हनुवटीवर वाळलेली खपली. कानांच्या पाळ्या मोठ्या. कपाळावरचे केस कुणीतरी बोथट कात्रीने, घाईघाईने कापलेले. "मी कापले होते," एल्फ्रीडे म्हणाली आणि तिने तोंडावर हात दाबला. अग्नेटबाई थांबल्या नाहीत. अर्ध्या मिनिटात पाहिलेलं सगळं त्यांनी तासभर सांगितलं. कॉफी गार झाली.

त्यानंतर थाप पडली नाही. मला वाटलं, बाईंची सुटका झाली. पण दहा वाजता त्या दार उघडून पायरीवर बसायला लागल्या. पाऊस असो, वारा असो.

"आत चला, गारठाल," मी म्हणायचे.

"थांब जरा," त्या म्हणायच्या. "आज उशीर झाला असेल त्यांना."

पुढच्या जूनमध्ये एल्फ्रीडे पुन्हा आली. तिने पेन्सिलीने एक चित्र काढून आणलं होतं, वर्षभर खोडून-खोडून कागद पातळ झालेला. मोठ्या पाळ्यांचा, तुटक्या भुवईचा मुलगा. "असाच होता का?" तिने विचारलं.

अग्नेटबाईंनी चष्मा लावला, चित्र उजेडात धरलं. "हो," त्या म्हणाल्या. "अगदी असाच."

एल्फ्रीडेने ते दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलं आणि दुपारच्या गाडीने गेली. मी कप विसळायला घेतले. अग्नेटबाई टेबलाशीच बसून होत्या.

"टोव्हे," त्या हळूच म्हणाल्या, "तिला कधी सांगू नकोस. डोळे मिटले तरी मला आता त्याचा चेहरा दिसतच नाही."