इंदिरेच्या नावाचा पासपोर्ट

कुमुदताई दिघे विलायतेला जाऊन राहणार ही बातमी त्यांच्या रिटायरमेंटच्या आधीच इंदूरच्या मल्हारगंजभर झाली होती. होळकरांच्या राज्यात शाळेत लागलेल्या बाई मध्य प्रदेश सरकारातून पेन्शनीत निघाल्या. निरोपाच्या दिवशी मुलींनी हार घातला, मुख्याध्यापिकाबाई भाषणात ‘हमारी दिघे बहनजी अब लंदन की हो जाएँगी’ म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. ‘लंडन नाही, कोव्हेंट्री,’ असं कुमुदताईंनी मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि हार पिशवीत घालून त्या घरी आल्या.

कोव्हेंट्रीत अच्युत होता. अच्युत त्यांच्या थोरल्या बहिणीचा, इंदिरेचा मुलगा. इंदिरा टायफॉइडने गेली तेव्हा तो जेमतेम दीड वर्षाचा. त्याचे वडील चिंतामणराव गुप्ते दरबारच्या खजिन्यात कारकून होते. बायकोमागे ते असे खचले की काही वर्षांत तेही गेले. पोर मावशीच्या पदरात पडलं. त्याच सुमारास कुमुदताईंना देवासचं एक चांगलं स्थळ आलं होतं. त्या लोकांनी बाकी सगळं कबूल केलं, फक्त पोर बरोबर नको म्हणाले. कुमुदताईंनी उलट टपाली नकार कळवला आणि तो विषय पुन्हा घरात निघू दिला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी पोराला फार कडकपणे शिकवली. बोबडं बोलायला लागल्यावर तो त्यांना ‘आई’ म्हणू लागला, तेव्हा दर वेळी त्यांनी त्याला उचलून भिंतीवरच्या फोटोपाशी नेलं. “आई ही. मी मावशी.” इंदिरेचं सगळंच गेलं, निदान एवढं नाव तरी तिचं तिच्याकडे राहावं, असं त्यांना वाटे.

अच्युत शिकला, पोलोग्राउंडवरच्या एका वर्कशॉपात लागला आणि एकसष्ट साली, तिकडचे दरवाजे अजून सताड उघडे होते तेव्हा, मोटारींच्या कारखान्यात काम मिळवून निघून गेला. तिकडेच नर्स असलेल्या एका मराठी मुलीशी लग्न केलं, घर घेतलं, दोन मुलं झाली. त्याच्या दर पत्राचा शेवट ठरलेला असे: ‘मावशी, रिटायर झालीस की निघ. वरची खोली तुझी.’

तर ती वेळ आली होती. राजवाड्यामागे दत्तोपंत नावाचे एक गृहस्थ परदेशी जाणाऱ्यांची कामं करून देत. पासपोर्ट, बँकेची परवानगी, जहाज-विमानाचं तिकीट, सगळं. कुमुदताई त्यांच्याकडे गेल्या.

“असं आहे ताई,” दत्तोपंत म्हणाले, “पहिल्यासारखं नाही राहिलं आता. पहिले तिकीट काढलं की माणूस चालला. आता तिकडच्या सरकारचा परवाना पाहिजे, आणि त्याचे रस्ते गिनेचुने. एक नोकरीवाल्यांचा. तो तुमच्या वयाला बंद. दुसरा, स्वतःच्या पैशावर तिकडे जाऊन बसायचं.”

“माझी पेन्शन आहे. फंड आलाय हातात.”

“ते रुपये ना? रिझर्व्ह बँक बाहेर जाऊ देईल तेव्हा. निघताना पर्समध्ये तीन पौंड, बस. पेन्शन इथल्या ट्रेझरीतच घ्यायची. त्यामुळे तिकडच्या साहेबाच्या लेखी तुम्ही कंगाल.”

“मग अच्युत सांभाळेल. तो लिहून द्यायला तयार आहे.”

“तो तिसरा रस्ता. मुलगा तिकडे पक्का झालेला, आई इकडे म्हातारी, विधवा, दुसरं कोणी पाहणारं नाही, पोट सगळं मुलाच्या भरवशावर. अशा आईला देतात. बापालाही देतात.”

“आणि मावशीला?”

दत्तोपंतांनी पान तोंडात सारलं. “मावशी यात कुठे बसतच नाही, ताई.”

 मग दत्तोपंतांनीच पाहुणीचा रस्ता सांगितला. तीन महिने, फार तर सहा. नातवंडं पाहून परत यायचं. तो परवाना आरामात मिळेल म्हणाले.

“परत कशाला येऊ?” कुमुदताई म्हणाल्या. नऊ वर्षांपूर्वी अच्युतची गाडी खांडव्याकडे निघून गेल्यावर त्या स्टेशनबाहेर टांग्यात बसल्या आणि कुठे जायचं ते टांगेवाल्याला सांगायचंच विसरल्या होत्या. तसली ताटातूट पुन्हा पैसे भरून विकत घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

दत्तोपंतांनी खुर्ची पुढे ओढली. “एक होऊ शकतं. जन्माच्या बुकात मुलाच्या आईचं नाव इंदिरा चिंतामण गुप्ते आहे. संस्थानाच्या काळात वारलेल्या बाईचं बुक आज कोण उघडून राहिलं आहे? आपल्यात लग्नात मुलीचं नाव बदलतातच. माहेरची कुमुदिनी, सासरची इंदिरा. एक ॲफिडेव्हिट, झालं.”

“आणि पेन्शन?”

“पेन्शन कुमुदिनीची. इंदिराबाईंना काहीच नाही. उलट बरं, जितकी निराधार तितकं काम पक्कं.”

कुमुदताई उठून आल्या. पंधरा-वीस दिवस त्या राजवाड्याच्या बाजूला फिरकल्या नाहीत. अच्युतला सगळं कळवलं तेव्हा आत कुठेतरी त्यांना वाटत होतं, तो नको म्हणेल. त्याचं उत्तर आलं: ‘दत्तोपंत म्हणतात तसं कर. आणि यात खोटं काय आहे, मावशी?’ ते वाचून त्यांना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. फोटोकडे न बघता त्यांनी पत्र डब्यात ठेवलं.

पासपोर्ट यायला बरेच महिने गेले. मग मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या कचेरीत बाकावर बसल्या असताना शिपायाने ‘इंदिरा गुप्ते’ असा पुकारा केला. कुमुदताई शांतपणे इकडेतिकडे पाहत राहिल्या. तिसऱ्यांदा पुकारल्यावर त्या दचकून उठल्या.

आत एक तरुण इंग्रज साहेब आणि शेजारी एक मराठी दुभाष्या. साहेब सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. मुलाचा जन्म कुठला, त्याने विचारलं.

“मल्हारगंजात, माझ्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं.”

बाळंतपणात अडलात का? त्रास झाला? कुमुदताईंना त्यातलं काही बनवावं लागलं नाही. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत कळा चालल्या होत्या. नाळ गळ्याभोवती होती. पोर निळं पडलं होतं, रडेना. सुईणीने पालथं धरून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठे मांजराच्या पिलासारखं एकदा कुंईं केलं. त्या बोलत गेल्या आणि बोलता बोलता त्यांची कंबर खरोखरच भरून आली. इतकी वर्षं दाराशी उभं राहून पाहिलेली गोष्ट त्या पहिल्यांदाच आतून सांगत होत्या.

“तेव्हा जवळ कोण होतं?” दुभाष्याने विचारलं.

“माझी धाकटी बहीण, कुमुद. तिचा हात मी इतका दाबून धरला होता की वळ उठले.”

“ती आता कुठे असते?”

 बहीण आहे म्हटलं तर इकडे पाहणारं माणूस आहे असं झालं असतं.

“वारली,” त्या म्हणाल्या. “लग्न नव्हतं झालं तिचं.”

साहेब हळू आवाजात काही बोलला. दुभाष्या म्हणाला, “साहेबांना वाईट वाटलं म्हणतात.”

 त्या संध्याकाळी त्यांनी नातवंडांसाठी दोन लोकरी टोपडी घेतली, आणि परतीच्या गाडीत शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा ‘मुलाकडे चालले आहे कायमची’ असं तोंड भरून सांगितलं. मुलाकडे. तो शब्द त्यांनी खांडवा येईपर्यंत दोन-तीनदा वापरला.

पुढे सगळं भराभर झालं. दत्तोपंत म्हणाले, आता फक्त तिकडे मुलाचं घरदार तपासतील, त्याचा जबाब घेतील, की संपलं. कुमुदताईंनी भाड्याच्या खोल्या सोडल्या. तांब्याचा बंब, शिवणाचं मशीन, लोखंडी कपाट वाटून टाकलं. निघेपर्यंतचे दिवस काढायला त्या बेबीकडे गेल्या. बेबी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिने मागची खोली झाडून दिली. “बाई, कितीही दिवस राहा. काय फरक पडून राहिला आहे?”

एके दिवशी सकाळी गेंदालालजींच्या कापडदुकानातला नोकर धावत आला. त्या गल्लीत फोन तेवढाच. “बहनजी, विलायत से फोन है!” कुमुदताई तशाच निघाल्या. दुकानात लग्नसराईची गर्दी होती. गादीवर बायका, समोर पसरलेली थानं. गेंदालालजींनी कौतुकाने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांना हाताने गप्प केलं.

“मावशी, ऐकू येतंय?”

“येतंय. बोल.”

“मावशी, मी घोळ केला. मला बोलावलं होतं. पहिले सगळं बरोबर चाललं. मग त्यांनी विचारलं, आईला हाक काय मारतोस. माझ्या तोंडून निघून गेलं, मावशी.”

लाइनीत खरखर झाली. कुमुदताईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

“तिथे एक मराठी जाणणारा होता. मी म्हटलं, आमच्यात आईला काहीही म्हणतात, वहिनी म्हणतात, अक्का म्हणतात. तो हो म्हणाला. पण मग ते एकेक विचारत गेले. आई नेहमी अशीच हाक मारून घ्यायची का, माझ्या घरात लावलेला फोटो कोणाचा... मला नाही निभावता आलं. मी सगळं सांगून टाकलं. ऐकतेस ना?”

दुकानातल्या सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

“ऐकतेय. मुलं बरी आहेत ना?”

“मावशी, आता माझ्याही कागदांची चौकशी करणार म्हणतात. काही दिवस तू इकडे काही लिहू नकोस. मीच लिहीन.”

“बरं. थंडी फार आहे का?” त्यांनी विचारलं. पण फोन तुटला होता.

“कब जा रही हैं, बहनजी?” गेंदालालजींनी हसून विचारलं. “अभी तारीख नहीं आई,” म्हणून त्या दुकानाची पायरी उतरल्या.

नकाराचं पत्र महिन्याने आलं. त्या पत्राबरोबर पाहुणीचाही रस्ता बंद झाला. दत्तोपंत म्हणाले, एकदा खोटं पकडलं गेलं की दारात उभं करत नाहीत. पुढे पासपोर्टाची चौकशी करायला पोलीस आला, तेव्हा त्याच दत्तोपंतांनी जबाब दिला की बाईंनी सांगितलं तसं आपण लिहिलं, बाकी आपल्याला माहीत नाही. पासपोर्ट जप्त झाला. प्रकरण ट्रेझरीपर्यंत पोचलं आणि ही बाई नेमकी कोण याचा निकाल लागेपर्यंत पेन्शन अडकली. कुमुदताई त्या कचेरीच्या व्हरांड्यात उभ्या राहून मी कुमुदिनी आहे, जिवंत आहे, अविवाहित आहे असं ज्याला त्याला सांगत होत्या. तिथल्या कारकुनांत त्यांच्या विद्यार्थिनींचे भाऊ होते, नवरे होते. ते मान खाली घालून ‘बाई, कल आइए’ म्हणत. वर्ष उलटत आलं तेव्हा वयाकडे पाहून वरच्या साहेबाने ताकीद देऊन सोडून दिलं आणि पेन्शन मोकळी केली.

बेबीच्या मागच्या खोलीतला मुक्काम मग कायमचाच झाला. रस्त्यात कोणी ना कोणी विचारायचं, “अरे, बहनजी, आप गईं नहीं?” पुढे पुढे लोकांनी विचारणं सोडलं, आणि ते जास्त लागलं. अच्युतची पत्रं येत. मायेचीच असत, पण वरच्या खोलीचं नाव त्यांत नसे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात तो आला. एकटाच, दहाएक दिवसांसाठी. केस कानशिलांवर पांढरे झाले होते. पाया पडला आणि तसाच खाली बसून राहिला. कुमुदताईंनी त्याच्या आवडीचं सगळं केलं: भुट्ट्याचा कीस, तिखट शेव घालून रस्सा. तो थोडं थोडं खाई आणि पोटाला तिखट सोसत नाही म्हणे. त्याने मुलांचे फोटो दाखवले. मुलांना मराठी येत नव्हतं. मुलगी म्हणे विचारते, इंडियात आपलं कोण आहे.

“काय सांगतोस?”

“ग्रँडमा म्हणतो.” त्याने फोटो पाकिटात घातले. “तिकडे मावशीला धड शब्दच नाही गं.”

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, “आता नियम पुन्हा बदललेत. एखादा वकील करून अर्ज करू. खरं खरं सांगून.”

“नको,” कुमुदताई म्हणाल्या. “एकदा मेले तेवढं पुरे. तुझ्या मुलांचे कागद खराब नको करून घेऊस.”

त्याने पुन्हा म्हटलं नाही. त्याचा चेहरा किती हलका झाला ते त्यांनी पाहिलं. आणि आपण पाहिलेलं त्याला कळू नये म्हणून त्या त्याची बॅग भरायला लागल्या.

तो गेल्यावर बेबी मटाराच्या शेंगांची परात घेऊन त्यांच्यापाशी येऊन बसली.

“बाई, पुन्हा कधी येणार म्हणाले अच्युतभिया?”

“येईन म्हणाला. मला अग्नी द्यायला नक्की येईन म्हणाला.” कुमुदताईंनी एक शेंग उचलली. “पण विमान पकडून इंदूरला पोचायला त्याला दोन दिवस लागतात. तेवढं ठेवत नाहीत गं आपल्याकडे. तूच कोणाला तरी सांगून ठेव.”

 बेबीने परात दोघींच्या मधे सरकवली.