किकबाबांचा हात

पाववाल्याची मोटारसायकल भर रस्त्यात बंद पडली आणि बघताबघता तिच्याभोवती अशी गर्दी जमली, की तिथे माणूस आडवा झाला असता तरी इतके लोक थांबले नसते. किका मारून मारून पाववाला घामाघूम झाला होता. त्याने टाकी हलवून पाहिली. पेट्रोल आत डुचमळत होतं, पण इंजिन हूं की चूं करत नव्हतं.

समोरच्या व्हरांड्यातून किकबाबा संथपणे उतरले. गुडघ्यापर्यंत पांढरी कफनी, डोळे अर्धे मिटलेले.

"घाबरलंय," ते म्हणाले. "यंत्रालाही जीव असतो. मालकाने याला पान्हे लावून छळलंय."

पाववाल्याने अपराध्यासारखी मान खाली घातली. बाबांनी उजवा हात टाकीवर ठेवला, डावा टाकीखाली घातला. "नाडी बघतो," ते म्हणाले आणि पुटपुटू लागले, "ओम् इंधनाय, ओम् ज्वलनाय, ओम् गतिमानाय..." मंत्र लांबलचक होता. तो संपल्यावर बाबांनी डोळ्यांनीच खूण केली. पाववाल्याने दोन किका मारल्या आणि गाडी धडधडू लागली. बायकांनी हात जोडले. पाववाला बाबांच्या पायांवर पडला, आणि पावांची टोपली तिथेच व्हरांड्यात रिकामी झाली.

गर्दीच्या कडेला गुरांची डॉक्टरीणबाई आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते.

"बघितलंस, ताई?" भाऊ म्हणाला. "माझी गाडी परवा अश्शीच चालू झाली."

"आणि परवा बंद कुठे पडली होती?"

"इथेच, जरा पुढे."

"सगळ्यांच्या गाड्या इथेच बऱ्या मरतात."

"त्यांना कळतं कुठे मरायचं ते," भाऊ म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. दिवसभर लोकांना अपघाताची भीती घालून विमे विकणारा हा गृहस्थ बाबांसमोर लहान मूल व्हायचा.

डॉक्टरीणबाईला राग आला तो रविवारी. आडगावच्या गोठ्यांकडे तिची रोजची रपेट असे, त्यामुळे गाडी कशी राखायची हे ती अनुभवाने शिकली होती. दर रविवारी अंगणात जुनी चादर अंथरून ती स्वतःची आणि भावाची अशा दोन्ही गाड्या उघडायची. चेन रॉकेलने धुऊन तेल द्यायचं, प्लग घासायचा, ऑइल बघायचं, ब्रेक तपासायचे. त्या रविवारी ती भावाच्या गाडीच्या मागच्या चाकाशी बसली, तर आसाच्या नटवर लाखेचा लाल शिक्का.

"हे काय?"

"हात लावू नकोस. बाबांनी गाडी सिद्ध केलीय. आता पान्हा लावला तर शक्ती उतरते."

"ब्रेकचे लायनर संपत आलेत. मागच्या वेळीच सांगितलं होतं."

"ब्रेकची गरज अश्रद्धांना, असं बाबा म्हणतात."

"मग बाबा स्वतः कशावर फिरतात?"

"भक्तांच्या चारचाकीतून," भाऊ म्हणाला आणि तिच्या हातातला पान्हा काढून घेऊन आत गेला.

भावजय दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, जाऊ द्या. मीही सांगून थकले." तीच त्या गाडीवर मागे बसायची.

व्हायचं ते झालंच. बाजाराच्या उतारावर समोर हातगाडी आडवी आली, भावाने ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढे गेली. भिंतीवर आपटून थांबली. भावाला खरचटण्यावर निभावलं, भावजयीचं मनगट मोडलं. दवाखान्यातून भाऊ तडक बाबांकडे गेला. परत आला तो बहिणीकडे न बघता.

"बाबा म्हणाले, घरात कुणीतरी शंका घेतं. शंकेने शिक्का कच्चा पडतो."

प्लास्टरमधला हात मांडीवर धरून बसलेली भावजय पहिल्यांदाच त्याच्यावर कडाडली. "मनगट माझं मोडलं आणि चूक ताईंची? शिक्का फोडा, ताई. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरीणबाईने चाक उतरवलं. लायनर झिजून आतलं लोखंड उघडं पडलं होतं. तिने ते भावासमोर धरलं. पण पटलंय असं काही त्याच्या तोंडावर दिसेना. चमत्कार तर त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

मग तिने स्वतःची गाडी घेतली. पेट्रोलची नळी साफ करायची म्हणून टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद केला, सगळं पुसून परत बसवलं आणि फेरी मारायला निघाली. गाडी झकास चालली, आणि गल्लीच्या टोकाला फडफडून बंद पडली. टाकी भरलेली. किका वाया. ती वाकून बघते, तर कॉक बंदच. उघडायचा राहून गेला होता. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी तेवढी आली होती.

ती रस्त्यातच हसायला लागली. तिला बाबांचा तो नाडी बघणारा डावा हात आठवला. बाजाराच्या तोंडाशी दुकानाबाहेर उभ्या गाड्या "सेवा" म्हणून फडक्याने पुसणारा त्यांचा शिष्यही आठवला. आणि मंत्र एवढा लांब का, तेही कळलं. वाटी भरायला वेळ नको का?

पण नुसतं सांगून कोण ऐकणार? जनावरांच्या जखमांना लावायचं जांभळं औषध तिने ग्रीसमध्ये घट्ट कालवलं आणि स्वतःच्या गाडीच्या काळ्या कॉकला मागच्या बाजूने लिंपलं. भावाला म्हणाली, "चल. मलाही दर्शन घ्यायचंय." तो हरखून निघाला.

दुकानाबाहेर तिने गाडी लावली, साबणाची वडी घेतली. तोवर शिष्याची सेवा उरकली होती. भावाला मागे बसवून ती निघाली आणि व्हरांड्याच्या अलीकडेच गाडीने मान टाकली. लोक जमले. बाबा उतरले.

"संशयी हात फिरलाय या यंत्रावरून," ते म्हणाले.

"हो बाबा. दर रविवारी फिरतो."

बाबांनी नाडी बघितली, इंधनाय-ज्वलनाय यथासांग पार पडलं, गाडी चालू झाली. जयजयकार झाला आणि बाबांनी आशीर्वादासाठी दोन्ही हात उंचावले. डाव्या हाताची बोटं गडद जांभळी होती.

"बाबा, नाडीला शाई असते का?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

बाबांनी हात कफनीला पुसला. आता कफनीही जांभळी झाली. तिने गर्दीतून शिष्याचं मनगट धरून त्याला पुढे ओढलं. त्याचीही बोटं तशीच, फडकंही तसंच.

"ही दैवी खूण आहे," बाबा म्हणाले.

"ही म्हशीच्या खुराला लावायची खूण आहे. दोघांनी माझ्या गाडीच्या कॉकला हात लावला. एकाने बंद केला, दुसऱ्याने उघडला." ती गर्दीतल्या पाववाल्याकडे वळली. "दादा, तुमच्या गाडीचा कॉक बंद करा आणि एक चक्कर मारून या."

पाववाला निघाला आणि चौकाच्या अलीकडे थांबला. त्याने वाकून कॉक उघडला, जरा वेळ वाट पाहिली, मंत्राबिंत्रावाचून किक मारली. गाडी चालवत तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आणि मी पायांवर पडलो होतो," तो म्हणाला. गर्दीतला एक शिक्षक पुटपुटला, "माझी बंद पडली होती तेव्हा कॉक मीच उघडला. वाटलं, आपलाच धक्का लागला असेल. कुणाला सांगितलंही नाही."

"तेच तर," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ज्यांना कॉक सापडला ते गुपचूप घरी गेले. ज्यांना नाही सापडला, त्यांचाच गाजावाजा झाला. गाडी बंद पडली तर पेट्रोल येतंय का बघा, ठिणगी पडते का बघा. कारण सापडेपर्यंत शोधा, नाहीतर शोधणाऱ्याकडे न्या. आणि कुणी उघडून बघू नका म्हणालं, तर तेच आधी उघडा. माझ्या भावजयीचं मनगट न उघडलेल्या चाकाने मोडलंय."

भाऊ पुढे आला. बाबांना तो इतकंच म्हणाला, "शंका मी घ्यायला हवी होती." बाबा समाधी लागल्याचं सांगून आत गेले, आणि मागच्या दाराने चारचाकी निघून गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

लोक पांगू लागले. एक म्हातारे गृहस्थ मात्र आपली मोटारसायकल ढकलत डॉक्टरीणबाईसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"बाई, ते ढोंगी निघाले. पण तुमच्या हाताला नक्की गुण आहे. माझ्या गाडीवरून एकदा फिरवा."

तिने कपाळाला हात लावला. मग पिशवीतून पान्हा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"बसा खाली, आजोबा," ती म्हणाली. "हात तुमचाच फिरणार आहे. कुठे फिरवायचा, ते मी दाखवते."