हापशावरचा नंबर

मी करंजवाडीचा हापसा बोलतोय. आता मोडीत निघालोय. लिंबाच्या बुंध्याला टेकून पडलोय, दांडा एकीकडे आणि धड एकीकडे. पण तोंड अजून शाबूत आहे, तेव्हा भंगारवाला येईपर्यंत चार गोष्टी सांगून घेतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या एका कारखान्यात वितळलेलं बीड साच्यात ओतलं आणि मी झालो. माझा नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच घर होतं. नवरा-बायको, चार पोरं, गोठ्यात दोन गाई आणि अंगणात मी. दिवसाकाठी दहा-वीस बादल्या पाणी द्यायचं आणि बाकी वेळ कोंबड्या बघत उभं राहायचं, असा माझा संसार ठरला होता. मग एक दिवस आमच्यातल्या काहींना लाकडी पेट्यांत भरलं, पेट्यांवर कसलंसं चिन्ह रंगवलं आणि आम्ही परदेशची मदत झालो. मला कुणी विचारलं नाही. ज्यांना मदत जाणार होती त्यांनाही विचारलं असेल असं वाटत नाही.

बोटीनं मुंबई, मालगाडीनं नगर आणि पुढे लॉरी. सुप्याहून आत वळल्यावर रस्ता संपला आणि नुसता खडखडाट उरला. करंजवाडीत माझ्याआधी खडक फोडणारं यंत्र येऊन पोचलं होतं. दोन दिवस त्यानं गावभर पांढरी पिठी उडवली आणि शंभर फुटांच्या खाली पाणी लागलं. सन बाहत्तर नुकतंच सुरू झालं होतं. विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केली होती, त्यामुळे माझं स्वागत जावयासारखं झालं.

माझी रचना सांगतो, पुढे उपयोगी पडेल. लोकांना दिसतो तो मी, वरचा. माझ्यापासून लांब पाईप खाली जातात आणि पार तळाशी पाण्यात एक पितळी नळकांडं असतं. त्यात दट्ट्या वरखाली होतो. त्या दट्ट्याभोवती वाटीच्या आकाराचा कातडी वॉशर बसवलेला असतो. पाणी ओढून आणतो तो हा वॉशर. हळदीकुंकू मला लागलं आणि काम त्याचं, असा मामला होता.

उद्घाटनाला गोरा साहेब आला होता, हातात वही घेऊन. सरपंच आबासाहेबांनी भाषण केलं, नारळ फुटला. साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, गावात घरं किती?

"एकशेधा उंबरे," आबासाहेब अभिमानानं म्हणाले.

साहेबाची पेन्सिल थांबली. मीही मनातून चरकलो. पण पाणी आलं होतं, टाळ्या वाजल्या होत्या आणि आता माघार घेणार कोण?

पहिली हरकत घेतली ती आबासाहेबांच्या आईनं, आक्काबाईनं. ती काठी टेकत आली आणि मिस्त्रीला म्हणाली, "आत काय बसवलंय रं?" कातडी वॉशर आहे, हे कळल्यावर तिनं दोन दिवस माझं पाणी तोंडाला लावलं नाही. विहिरीतला गाळ गाळून प्यायली. शेवटी शेजारच्या रंगनाथनं तिला गाठलं.

"आक्के, आपली मोट काय रेशमाची हुती व्हय? जल्मभर मोटंच्या थारोळ्यातलं पानी पिलीस की तू."

म्हातारी खुदकन हसली आणि तिनं माझ्या तोंडाखाली ओंजळ धरली. मोट तिच्या आयुष्यात इतकी मुरलेली होती, की ती कातड्याची असते हेच तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

कातडं चाललं, पण कातडं शिवणारीचे हात चालले नाहीत. दगडाबाईचं घर ओढ्याच्या काठाला, गावापासून जरा बाजूला. तिचा नवरा आख्ख्या गावाच्या मोटा शिवायचा. तो गेल्यावर ती शिवू लागली. पुढे विहिरींवर इंजिनं आली, मोटा बंद पडल्या आणि तिच्या हातचं काम गेलं. आता ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

रोज सकाळी ती घागर घेऊन यायची आणि माझ्या ओट्यापासून पाच-सहा पावलांवर थांबायची. दांड्याला हात लावायचा नाही, ओट्यावर चढायचं नाही. कुणीतरी हापसून वरून पाणी ओतेल तेव्हा ते घ्यायचं, असा रिवाज होता. तो कुणी लिहून ठेवला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. तिकडे कामावर सकाळीच हजेरी व्हायची. उशीर झाला की मस्टरवर नाव लागायचं नाही, आणि नाव नाही तर त्या दिवसाचं काम नाही.

"झुंबरबाई, येवढी एक घागर वता की. मस्टर निघून जाईल."

"थांब गं, माझे दोन हंडे ऱ्हायलेत अजून."

झुंबरबाई दुष्ट नव्हती. तिच्या घरी नऊ तोंडं होती आणि मी एकटा होतो. पण तिच्यामागून दुसरी यायची, दुसरीमागून तिसरी. आठवड्यातून दोनदा तरी दगडाबाई उन्हं वर आल्यावर भरली घागर घेऊन घराकडे वळायची आणि त्या दिवशी कामावर जायची नाही. मला त्याची लाज वाटायची. दांडा माझा, पाणी जमिनीचं आणि उपाशी राहणार ती.

एका अंगणासाठी घडवलेला मी, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एकशेदहा घरांना पुरत होतो. माझे बोल्ट ढिले झाले, खीळ झिजली, दांडा खुळखुळायला लागला. पुढच्या सालच्या चैत्रात तर माझी धार करंगळीएवढी झाली आणि एका सकाळी तीही थांबली. बायका हापसून हापसून घामाघूम झाल्या. माझ्या तोंडातून नुसता घुसमटल्यासारखा आवाज येत होता.

नगरहून मिस्त्री आला. "वॉशर गेलाय," तो म्हणाला. "ह्या मापाचा इकडं मिळत न्हाई. तिकडून पेटी निघालीय म्हणत्यात."

पेटी कुठे होती देव जाणे. आबासाहेबांनी अर्जांवर अर्ज धाडले. तीन-चार दिवसांनी एकदा टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतायचा आणि ते तासाभरात संपायचं. बायका ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. आता झुंबरबाईही दगडाबाईइतकीच ताटकळत होती. मी मात्र त्या सगळ्यांसमोर ठोंब्यासारखा उभा होतो.

तीन आठवडे झाल्यावर रंगनाथ उठला. "पेटीची वाट बघून मरायचंय का? काढू की आपुन पाईप."

त्यानं माझ्यावर तीन वाशांची तिकाटी उभी केली. तिला आपल्या जुन्या मोटेचं चाक बांधलं, जाड दोराचा नाडा ओवला आणि त्याला बैल जुंपले. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या, पण मोटेची सवय त्यांच्या अंगात होती. ते शहाण्यासारखे पुढे चालले आणि एकेक पाईप वर आला. आमच्या कारखान्यातल्या कुणी हे पाहिलं असतं तर त्यानं डोक्याला हात लावला असता. मला मात्र खरोखर कौतुक वाटलं.

शेवटी दट्ट्या हातात आला. वॉशरच्या चिंध्या झाल्या होत्या. माणसं भोवती कोंडाळं करून बघत राहिली. हे काम कुणाचं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कुणी ते नाव घेईना.

"निस्तं बघत काय बसलाव?" आक्काबाई कडाडली. "दगडाबाईला बोलवा."

ती आली, चिंध्या बोटांत धरून बघितल्या, वास घेतला. "मऊ कातडं हाय. वाळूनं खाल्लं. कुनाकडं जुनी मोट हाय का? तेल पिऊन मुरलेली पायजे."

रंगनाथनं गोठ्यातली मोट काढून दिली. दगडाबाईनं तिची जाड बाजू निवडली, रापीनं गोल चकती कापली, पाण्यात भिजत घातली आणि मग नळकांड्याच्या तोंडातच लाकडी ठोकळ्यानं दाबून तिला वाटीचा आकार दिला. दुसऱ्या दिवशी चकती वाळल्यावर कडा तासल्या आणि एरंडेल चोळलं. सगळं काम तिनं खाली बसून केलं. ओट्यावर तिला कुणी बोलावलं नव्हतं.

पाईप परत खाली गेले, माझा दांडा बसला. आबासाहेब म्हणाले, "हं, रंगनाथ, हापस."

"सरपंच," दगडाबाई खालूनच बोलली, "पयल्यांदा मला हापसावं लागंल."

"का?"

"वॉशर लई घट्ट बसला आसंल तर फाटंल, ढिला आसंल तर पानी सोडंल. हाताला वढ लागती त्याच्यावरनं कळतं. न्हाई तर पुन्ना समदे पाईप काडायचे."

"रंगनाथ हापसंल. तू इचार त्येला, कसं लागतंय ते."

"रंगनाथभाऊनं बैल हाकल्यात. कातड्यातलं त्येला काय कळायचं?"

रंगनाथनं मान डोलावली, कारण बोलणं खरं होतं. आबासाहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हो कुणी म्हणालं नाही. नाही म्हणायचं तर पाईप पुन्हा उपसायचे होते आणि बैलांत तेवढा जीव नव्हता. मग दगडाबाईनं पायातल्या वहाणा काढल्या आणि ती ओट्यावर चढली.

वर्षभर मला शेकडो हातांनी ओढलं होतं. या हातांनी मला तपासलं. सावकाश खाली, सावकाश वर, पुन्हा खाली. "वढ बरूबर हाय," ती स्वतःशीच म्हणाली आणि मग तिनं जोर लावला. माझ्या पोटात गुडगुडलं आणि भळभळा पाणी आलं. पोरं नाचायला लागली. तिनं आपली घागर माझ्या तोंडाखाली लावली, भरली आणि काखेत घेऊन ती निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईनं आधी माझा दांडा राखेनं घासला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि मग हात लावला. दगडाबाईनं ते पाहिलं. पण तिनं घागर लांब ठेवली नाही, रांगेत ठेवली.

"मी वतते की तुला," झुंबरबाई अवघडून म्हणाली.

"नगं. तू वतायची वाट बघून माजं मस्टर लई बुडालं. माजा नंबर आला की मी हापसनार."

आबासाहेब तिथूनच चालले होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वॉशर पुन्हा कधीही गेला असता, हे त्यांना कळत होतं. राखेनं घासणं पुढे कितीतरी दिवस चाललं. मन बदलायला वेळ लागतो आणि गरजेला लागत नाही, एवढं मी उभ्या उभ्या शिकलो.

तो पावसाळा बरा गेला. त्यानंतर साहेब पुन्हा आला. त्यानं सोबतच्या माणसांकडून पाईप उपसून घेतले, दट्ट्या बघितला आणि मोटेच्या कातड्याचा वॉशर हातात धरून कितीतरी वेळ फिरवत राहिला. हे कुणी केलं, असं त्यानं विचारलं.

"गावानं," आबासाहेब म्हणाले.

साहेबानं वहीत तसंच लिहिलं. दगडाबाई रांगेत चौथी उभी होती. तिनं ऐकलं आणि घागर पायानं पुढे सरकवली. मी मात्र आतून पेटलो. त्यांच्याशी बोलता येत असतं तर तिथल्या तिथे ओरडलो असतो. आता तुमच्यापाशी बोलतोय ते मुख्यतः याचसाठी. तो वॉशर दगडाबाईनं केला. तुम्ही तरी हे नाव लक्षात ठेवा. आणि कुठल्याही गावात काही मदत पाठवायची झाली, तर पेटी भरण्याआधी तिथल्या हातांना काय काय येतं ते विचारा.

साहेब माणूस प्रामाणिक होता. मी एका घरापुरता घडवलेला होतो हे त्यानं कबूल केलं. आता इथल्याच मुलखात नवे पोलादी पंप तयार होत आहेत, त्यांचे वॉशर नगरच्या दुकानात मिळतील, असं तो म्हणाला. सगळ्यांना आनंद झाला. मला धास्ती वाटली. नगरला वॉशर मिळू लागल्यावर दगडाबाईचं कुणाला काय पडलं असतं?

गेल्या सोमवारी नवा पंप आला. मला उचकटून इथे लिंबाखाली टाकलं. मंगळवारी सकाळी रांग लागली. दगडाबाई आली आणि कोऱ्या रंगाच्या त्या पंपाकडे बघत ओट्यापासून लांबच थांबली. तिलाही माझ्यासारखंच वाटत असावं. मग तिनं घागर रांगेच्या शेवटी ठेवली. तिच्यामागे झुंबरबाई येऊन उभी राहिली. रांग सरकत गेली, पुढची बाई हंडा उचलून निघाली आणि दगडाबाईचा नंबर आला. नव्या दांड्यासमोर ती हात न लावता उभीच राहिली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"अगं ए दगडाबाई!" मागून झुंबरबाई खेकसली. "तुजाच नंबर हाय न्हवं? हापस की बिगीबिगी! चुलीवर तवा ठिवून आलेय मी, भाकरीचा कोळसा व्हईल!"

"हापसते गं बाई, किती वराडतीस!" दगडाबाई म्हणाली आणि तिनं दांडा धरला.

झुंबरबाई रांगेतल्या कुठल्याही बाईवर खेकसते, तशीच ती तिच्यावर खेकसली होती. माझं काही म्हणणं नाही आता. भंगारवाला आला की मला खुशाल त्याच्या हवाली करा.